पाळण्यातली बदके

यंदाच्या नवरोजच्या सणाला जेवणाच्या दस्तरखानाभोवती जो निर्णय झाला होता, तो अमलात आणण्याचा दिवस अखेर उजाडला, आणि इनोबतच्या दुर्दैवाने नेमकी त्याच दिवशी पाळण्यात नऊ बदके होती.

वास्तविक निर्णयात वादाचे काही नव्हते. इनोबतची थोरली जाऊ सापुरा हिची लेक उरगेंच शहरात बाळंत झाली होती. मुलगा झाला होता, परंतु दिवस पुरे भरण्याआधीच, त्यामुळे इतके दिवस त्याचा मुक्काम इस्पितळातच होता. आता तो घरी यायचा होता, तेव्हा घराण्याचा जुना पाळणा तिकडे न्यावा, इतकेच ठरले होते. सासूबाई बिकाजान यांचे दिवंगत यजमान, आणि पुढे त्यांची तिन्ही लेकरे आणि सापुराचीही मुले, ज्यात वाढली तो हा तुतीच्या लाकडाचा बेशिक. दोन वाकड्या पायांवर डुलणारा, तळाशी एक गोल भोक आणि त्याखाली मातीचे गाडगे, म्हणजे लेकराचे ओले-सुके परस्पर खाली जावे. इनोबत लग्न होऊन या घरात आल्यापासून सहा वर्षे तो आतल्या खोलीत सात पांघरुणे घेऊन स्तब्ध उभा होता. स्तब्ध हा शब्द येथे अगदी तंतोतंत घ्यावयाचा आहे. रिकामा पाळणा हलवू नये हा त्या मुलखातला नियम, आणि इनोबत झाडताना केरसुणीचा साधा स्पर्शही त्याला होऊ देत नसे.

पाळणा देण्याबाबत तिला कोणी विचारले नव्हते, आणि विचारण्याची रीतही नव्हती. तथापि ज्या घरातून पाळणा बाहेर जातो, त्या घराने पुढची आशा सोडली, एवढे समजायला काही शाळा शिकावी लागत नाही. तिचा नवरा शामुराद पाटावरच्या पंपावर कामाला होता. तो मनाने सरळ माणूस. त्या दिवशी नानचा तुकडा मोडता मोडता तो म्हणून गेला होता, “नेऊ दे की. नाहीतरी रिकामाच पडलाय.” बोलून तो विसरला. इनोबत मात्र तो ‘रिकामा’ शब्द तेव्हापासून पदराला बांधल्यासारखा घरभर घेऊन हिंडत होती.

आणि बदके? ती पाळण्यात कशी गेली, हे सांगणे प्राप्त आहे.

वसंतात शेजारणीने बदकाची अंडी दिली होती. बिकाजानना त्यांचे तुखुम-बराक करायचे होते, कणकेच्या पातळ पिशव्यांत अंड्याचे सारण भरून उकडायचे. पण घरातली तांबडी कोंबडी नेमकी खुडूक झाली होती, आणि इनोबतने कोणाला न विचारता ती अंडी तिच्याखाली सारली. सासूबाईंनी त्या दिवशी बराकशिवायच जेवण केले आणि अंड्यांविषयी अवाक्षर काढले नाही. पिल्ले निघाली तेव्हा इनोबतच्या आनंदाला पारावार उरला नाही. बदक ते बदकच, जन्मजात पोहणारे, असा सरळ विचार करून तिने दुसऱ्याच दिवशी त्यांना अंगणाबाहेरच्या पाटावर नेले. पिल्ले टुणटुण पाण्यात उतरली, कोंबडीने काठावर आकांत मांडला, आणि थोड्या वेळाने पिल्ले बाहेर आली ती पिळलेल्या चिंध्यांसारखी. बदकीण आपल्या अंगाचे तेल पिल्लांच्या पिसांना लावते. कोंबडीपाशी ते तेल कोठून असणार? पिल्ले भिजून गारठली, थरथरू लागली, एकाने तर मानच टाकली. कोंबडीने या असल्या संततीकडे एकदा पाहिले आणि ती कायमची पाठ फिरवून उकिरड्याकडे निघून गेली.

त्या संध्याकाळी वाळवंटाकडून वारा सुटलेला, वीज गेलेली, तंदूर विझलेला. इनोबत ओटीत पिल्ले घेऊन घरभर फिरली. उबेची, अंधाराची, वारा न लागणारी जागा त्या घरात एकच होती. तिने डोळे मिटले, सात पांघरुणे वर केली, थर्मासमधल्या गरम पाण्याने भरलेली बाटली फडक्यात गुंडाळून आत ठेवली आणि भोवती पिल्ले मांडली.

एकाच दिवसाची गोष्ट, असे तिने स्वतःला बजावले होते. परंतु पाळणा इतका सोयीचा निघाला, की जणू मूळचा बदकांसाठीच घडवला असावा. खाली भाताचे तूस पसरले की जमीन कोरडी राही, आणि बरीचशी घाण तळाच्या भोकातून गाडग्यात जाई. पाण्याच्या ताटलीत तिने खडे घातले, म्हणजे चोच बुडावी पण अंग बुडू नये. खायला उकडलेले अंडे बारीक करून, त्यात चक्का आणि चिरलेला लसूणघास. शामुरादला तिने सांगितले नव्हते. पण सकाळी बघावे तो गाडगे रिकामे आणि घासलेले असायचे, त्यावरून त्याला कळले असावे आणि तो गुपचूप साथ देत असावा, असा तिचा समज झाला होता. या एका समजावर तिचे मन पुष्कळ हलके राहत असे. सासूबाई त्या खोलीत फारशा येत नसत. निदान इनोबतला तसे वाटे.

दुपारच्या जेवणाला पाहुणे यायचे होते. त्याआधी पिल्ले खुराड्यात हलवायची, पाळणा घासून वाळवायचा, हरमलाच्या औषधी झुडपाची धुरी द्यायची, असा तिचा बेत होता. पण सकाळचा चहा उकळत असतानाच दारात मोटार उभी राहिली. थोरला दीर मतकरीम टपावर दोरखंड गुंडाळून आला होता. मागून सापुरा उतरली, तिच्यामागून नणंद ओगुलजान, आणि दोघींनी दोन्हीकडून धरून उतरवलेली, सासऱ्यांची बहीण आनाबीबी. म्हातारीने सबंध हिवाळा नुकूसला लेकाकडे काढला होता. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि कानही यथातथाच होते.

इनोबतने छातीवर हात ठेवून सर्वांना वाकून सलाम केला आणि आतल्या खोलीकडे धाव घेतली. तोवर सापुरा म्हणाली, बाहेर वाऱ्याने डोळ्यांत वाळू जातेय, आपण बायका आतच बसू. झाले. पुरुष पुढच्या खोलीत गेले आणि बायका पाळण्याभोवती गाद्या टाकून बसल्या. आनाबीबीला मानाची जागा म्हणून अगदी पाळण्याला टेकून बसवण्यात आले.

बदकाच्या पिल्लांची एक खोड आहे. अंधार आणि ऊब असली की ती गुमान राहतात, पण जवळपास कोणी बोलू लागले की त्यांना उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. सापुराचा आवाज मुळातच उंच. तिने उरगेंचच्या महागाईवर तोंड उघडले मात्र, पांघरुणांखालून बारीक चिवचिव सुरू झाली. इनोबतने खोकून पाहिले. मग तिने चहाचे वाडगे एकमेकांवर आपटले.

“खोकला कधीचा गं?” ओगुलजान म्हणाली. “आणि वाडगे फोडू नकोस, आईचे आहेत.”

सापुरा म्हणाली की तांबडी कोंबडी खिडकीखाली फिरतेय वाटते, तिला हाकला. बिकाजान हातातला वाडगा फिरवत चहाकडे बघत होत्या. इनोबतला वाटले, सासूबाईंचे लक्ष नाही, तेवढेच नशीब.

याच सुमारास आनाबीबीने, शेकडो पाळण्यांजवळ बसलेली बाई सवयीने करते तसा, पांघरुणांखाली हात सारला. इनोबतच्या हातातली किटली अधांतरी राहिली. म्हातारीचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

“बिकाजान,” ती म्हणाली, “अगं, कळवायचंस की नाही? मी रिकाम्या हातानं आले.”

म्हातारीने आतला हात हळूच फिरवला.

“जावळ किती मऊ आहे बघा तरी. बापावर गेलंय. शामुरादचं अस्संच होतं.” हात आत आणखी चाचपडला. “पाय मात्र गार आहेत गं, पोरी. मोजे घाल त्याला.”

सापुराने प्रथम इनोबतच्या पोटाकडे पाहिले, मग मागील सहा महिन्यांचा हिशेब मनाशी मांडला आणि तिचे तोंड उघडे ते उघडेच राहिले. ओगुलजानच्या डोळ्यांत पाणी आले, ते आनंदाचे की रागाचे हे तिलाच कळेना. सख्ख्या बहिणीला साधा फोनसुद्धा नाही, असे ती पुटपुटली. आनाबीबीने तोवर पिशवीतून खडीसाखरेचा खडा काढून उशाशी ठेवला होता, नानचा तुकडा ठेवला होता, आणि दुवेसाठी दोन्ही तळवे वर केले होते. तळवे वर झाले की बाकीच्यांनी विचारत बसायचे नसते. सर्वांआधी बिकाजाननी वाडगा खाली ठेवला आणि हात पसरले. मग ओगुलजानने, आणि शेवटी सापुरानेही.

लेकराला दीर्घायुष्य लाभो, त्याची वाटी भरलेली राहो, त्याच्या आईचे दूध आटू नये, असे म्हातारी सावकाश मागत गेली. ती दुवा संपेपर्यंत त्या खोलीतल्या बायकांच्या लेखी इनोबत आई होती. ते खरे नाही, हे सांगणे तिचे कर्तव्य होते आणि तिला ते उमगतही होते. पण तिने किटली खाली ठेवली आणि आपलेही तळवे पसरले.

“आमीन,” सर्वजणी म्हणाल्या आणि तोंडावरून हात फिरवले.

उशाशी ठेवलेल्या नानच्या वासाने त्याच क्षणी पांघरुणाच्या फटीतून एक पिवळी चोच बाहेर आली. मागोमाग दुसरी.

पुढचा बराच वेळ ओगुलजान गादीवर लोळून हसत होती. “यातलं शामुरादवर गेलेलं कुठलं, तेवढं दाखव,” ती इनोबतला म्हणाली, आणि पुन्हा हसू लागली. म्हातारीला काय झाले ते तीनदा ओरडून सांगावे लागले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली की तरीच, पाय गार होते.

सापुरा मात्र हसली नाही. तिने एकामागून एक सातही पांघरुणे दूर केली. “माझ्या नातवाच्या पाळण्यात बदकं,” ती म्हणाली. “मुद्दाम केलंस ना? तुला द्यायचा नव्हता, तर तोंडानं सांगायचं होतंस. असा बाटवायचा कशाला?”

इनोबतने कोंबडीची, पाटाची, गेलेल्या विजेची हकीकत सांगायला सुरुवात केली. सापुराच्या मोटारीतून आलेली आणि वाटभर तिच्या होला हो मिळवत आलेली ओगुलजान येथे अनपेक्षितपणे मधे पडली.

“बाटला म्हणतेस, तर ठेव इथंच.”

“घासून नेईन.”

“घासून चालत असेल, तर बाटला नाही. वहिनी, एक काय ते ठरव.” मग तिला आणखी स्फुरण चढले. लेकीच्या पहिल्या बाळाला पाळणा आईने नवा कोरा न्यायचा असतो, तो सासरच्या खोलीतून उचलायचा नसतो, आणि उरगेंचच्या बाजारात रंगवलेले पाळणे रांगेने उभे आहेत, असे तिने ऐकवले. चिक्कूपणा हा शब्द तिने वापरला नाही, परंतु तो खोलीत सर्वांना ऐकू आला.

सापुराचा चेहरा लाल झाला आणि मग एकाएकी पडला. ती पाळण्याच्या दांडीला धरून खाली बसली.

“नवा नको मला,” ती म्हणाली. तिचा आवाज प्रथमच खाली आला होता. “त्याचं वजन भरत नाही. डॉक्टरीण घरी न्या म्हणते, पण माझ्या डोळ्याकडे बघत नाही. या पाळण्यातलं एकही लेकरू गेलं नाही, आई. आजवर एकही नाही. म्हणून पाहिजे मला.”

ओगुलजानने मान खाली घातली. क्षणापूर्वी इनोबतच्या बाजूची झालेली ती सापुराजवळ सरकली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून बसली. इनोबतने दोघींकडे पाहिले. तिच्या मनात इतके दिवस साठलेल्या रागाला आता बसायला जागाच उरली नव्हती.

“न्या, जाऊबाई,” ती म्हणाली. “मी आत्ता धुऊन देते.” आणि गुडघ्यांवर बसून ती एकेक पिल्लू ओटीत घेऊ लागली.

गलका ऐकून शामुराद दारात आला होता. सापुराने डोळे पुसत त्याला सांगितले, भाऊजी, दोरखंड आणा, पाळणा टपावर बांधायचाय. शामुरादने बायकोकडे पाहिले. तिच्या ओटीतून चार-पाच चोची डोकावत होत्या आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होते. मग त्याने पाळण्यात वाकून पाहिले. आत उरलेल्या पिल्लांनी मान वर करून त्याला उत्तर दिले.

“रिकामा असता तर नेला असता,” तो म्हणाला, आणि कान लाल होईपर्यंत लाजून भिंतीला टेकून उभा राहिला.

तेव्हा कोठे बिकाजान बोलल्या.

“सूनबाई, ठेव ती पिल्लं परत. गारठतील.”

सापुरा काही म्हणणार होती, पण सासूबाईंनी बोट वर केले. “दुवा मागून झाली. तूही आमीन म्हणालीस. आपल्या घरात दुवा दिलेलं लेकरू चिल्ल्याचे चाळीस दिवस पुरे होईपर्यंत उंबरा ओलांडत नाही, आणि त्याचा पाळणाही नाही. तुझ्या तिन्ही पोरांच्या वेळी मी पाळलंय हे. आता मोडू?”

“आई, बदकं आहेत ती.”

“आमीन म्हणताना कोणी विचारलं होतं?”

“आणि चाळीस दिवसांनंतर?”

“तांबडी पुन्हा खुडूक झालीय,” बिकाजान म्हणाल्या. “काल मीच बसवली तिला. अंडीही बदकाचीच आहेत.”

इनोबतने चमकून वर पाहिले. सासूबाई तिच्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी पाळण्यात हात घातला आणि कोपऱ्यातले एक पिल्लू नेमके उचलून सापुराच्या तळव्यावर ठेवले. “हे बघ. हे आलं तेव्हा यानं मान टाकली होती. चोचीत पाणी थेंबाथेंबानं सोडावं लागत होतं. आता ताटली ठेवली की सगळ्यांच्या आधी हेच पळतं.”

सापुराने ते पिल्लू दोन्ही हातांत धरले. पिल्लाने तिच्या अंगठीला चोच मारून पाहिली, ती खाण्याजोगी नाही असे ठरवले आणि तिच्या बाहीत शिरले. सापुरा अभावितपणे हसली.

मग बिकाजाननी सात पांघरुणांतले सर्वांत आतले, ठिगळाठिगळांचे, धुऊन धुऊन विरलेले पांघरूण बाजूला काढले आणि घडी घालून थोरल्या सुनेच्या मांडीवर ठेवले. “लाकूड काय करणार आहे? सगळ्यांच्या अंगाला हेच लागत होतं. हे ने. पाळणा बाजारातून नवा घे, आणि पैशांचं मतकरीमला मी सांगते.”

सापुराने पांघरूण नाकाशी धरले. “बदकांचा वास येतोय याला.”

“येऊ दे. जगलीत ती.”

सापुराने ते धुवायला मागितले नाही. जेवताना तिने दोन वेळा बराक मागून घेतले, लसूणघासाऐवजी पाटावरची बारीक हिरवी पाने पिल्लांना का देत नाही म्हणून इनोबतला टोकले, आणि निघताना घडी घातलेले ते पांघरूण कोटाच्या आत, छातीशी ठेवले. टपावरचे दोरखंड रिकामेच परत गेले. मोटार पाटाच्या वळणाला लागेपर्यंत आनाबीबी खिडकीतून मोज्यांविषयी काहीतरी ओरडत होती.

पाहुणे गेल्यावर इनोबतने भांडी घासली आणि मग पाळण्याखालचे गाडगे काढायला आतल्या खोलीत गेली. गाडगे रिकामे होते, घासलेले होते, अजून ओले होते. ती अंगणात गेली. शामुराद तेथे खुराड्याचा दरवाजा ठोकीत होता.

“गाडग्याचं तुम्ही रोज करता, ते बरं करता,” ती म्हणाली.

“कुठलं गाडगं?” शामुराद म्हणाला. त्याच्या तोंडात खिळे होते आणि चेहऱ्यावर निर्मळ अज्ञान होते. पिल्ले त्याने आजच प्रथम पाहिली, असे त्याने सांगितले.

इनोबत परत फिरली आणि आतल्या खोलीच्या दारात थबकली.

बिकाजान पाळण्याजवळ गादीवर बसल्या होत्या. मांडीवर अंड्याचा चुरा घातलेली वाटी होती आणि त्या त्यात चक्का कालवत होत्या. सुनेची चाहूल लागली तरी त्यांनी मान वळवली नाही. घास अजून बारीक चिरत जा, एवढेच त्या म्हणाल्या, चोची लहान असतात त्यांच्या.

“हो, आई,” इनोबत म्हणाली.

आत पिल्लांनी गलका केला. बिकाजाननी वाटी आत सारली, उरलेली सहा पांघरुणे नीट ओढून घेतली, आणि पिल्ले गप्प होईनात तेव्हा पाय लांब करून टाचेने पाळण्याला एक हलका झोका दिला. सहा वर्षे न हललेले ते तुतीचे लाकूड एकदा कुरकुरले, आणि मग सावकाश डुलू लागले.